सव्वा मूठ कोणाच्या नावाची?

पत्र थोडं आखडून देते:

"ताई, मी २७ वर्षांचा. सिव्हिलची पदवी घेऊन एका ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर आहे. साक्री तालुक्यातल्या एका गावात जलजीवनची नळयोजना आमच्याकडे आहे. नदीकाठी विहीर, तिथून चार किलोमीटर पाइप, एक लाख लिटरची उंच टाकी, मग घरोघर नळ. गाव अठ्ठावीसशे लोकांचं, त्यातच खालच्या अंगाला एक वेगळी वस्ती. साहेबांनी प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा ऑनलाइन कोर्स केला आणि मला 'स्टेकहोल्डर रजिस्टर' करायला लावलं. मी केलं. २२ नावं, चार खान्यांचा तक्ता, कोणाची ताकद किती, कोणाला रस किती. ६१ जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, रोज फोटो टाकतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत योजना वाचून दाखवली, कोणी हूं की चूं केलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी पाइपसाठी खोदलेली चारी खालच्या वस्तीशी पोचली (खोदताना जुनी लाइन दोनदा फुटली, ती जोडून दिली) आणि दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस बाया चारीच्या काठावर येऊन बसल्या. 'आमले कोनी इचारं?' एवढंच म्हणतात. जेसीबी उभा आहे. सरपंच फोन उचलत नाहीत. शाखा अभियंता म्हणतात, गावाचं गावात मिटवा. साहेब म्हणतात, तुझं कम्युनिकेशन कमी पडलं, नाहीतर पोलीस बंदोबस्त मागू. सोबत रजिस्टर पाठवतोय. माझं कोण राहिलं? लहान भाऊ समजून सांगा."

भाऊ,

लहान भाऊ म्हणवून घेतलंस, म्हणून अरेतुरेवर येते.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य तू कंसात कोंबलंयस: जुनी लाइन दोनदा फुटली. तुझ्या डायरीत ती अर्ध्या दिवसाची दुरुस्ती. पण उन्हाच्या दिवसांत, पाणी यायच्या वाराला ज्या घरी रिकामे हंडे परत गेले, तिथे तिचा हिशेब वेगळा झाला. मी जागेवर नाही, तेव्हा छातीठोकपणे सांगत नाही. पण माझी उमर नळयोजनांच्या मागे हिंडण्यात गेली आहे, आणि बाया चारीवर बसतात तेव्हा नव्या पाण्याला त्यांचा विरोध क्वचितच असतो. हातचं जुनं पाणी जाईल ही धास्ती असते. नवं येईल तेव्हा येईल, जुनं तर डोळ्यांदेखत मातीत चाललंय. त्या काय म्हणतात ते पुन्हा एकदा कान देऊन ऐक. पाणी नको असं कोणीच म्हटलेलं नाही.

आता तुझं रजिस्टर. सरपंच, उपसरपंच, सात सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी (गावात अजून ग्रामसेवक भाऊसाहेबच म्हणत असतील), शाखा अभियंता, उपअभियंता, कार्यकारी अभियंता, त्रयस्थ तपासणीवाले, तुझे साहेब, पाइपवाला, जेसीबीवाला, महावितरणचे सहायक अभियंता, तलाठी, मुख्याध्यापक, पोलीस पाटील आणि आमदारांचे स्वीय सहायक. भरले बावीस. यादी कशी तयार झाली ते वाचताच कळतं. फाइल उघडली आणि ज्यांच्या सह्या, शिक्के किंवा बिलं दिसली त्यांची नावं उतरवली. काम पुढे सरकवायला ज्यांची सही लागते ते सगळे त्यात आले. काम अडवायला मात्र सही लागत नाही, काठावर बसलं तरी पुरतं. आणि मला सांग, या बावीस जणांत रोज नळाखाली हंडा लावणारं कोण आहे?

या स्टेकहोल्डर शब्दाला मराठीत कोणी कोणी भागधारक म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. भागधारक म्हणजे शेअर घेतलेला माणूस, त्याचा हिस्सा कागदावर असतो. हितसंबंधी हा शब्द जिभेला जड आहे, पण बरोबर आहे. व्यवस्थापनशास्त्रात ही कल्पना १९८४ मध्ये एडवर्ड फ्रीमन यांनी रुजवली. त्यांच्या व्याख्येला दोन टोकं आहेत: जे कामावर परिणाम करू शकतात ते, आणि कामाचा परिणाम ज्यांच्यावर होतो ते. तुमच्या कोर्समधून साहेबांच्या हाती पहिलंच टोक लागलेलं दिसतं.

आमच्या घरी श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खान्देशची देवी, बसायची. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढायला आजी सूप घेऊन बसे आणि भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ त्यात टाके. सुरतेला मिलमध्ये असलेल्या काकांची मूठ. पाळण्यातल्या पोराची मूठ. एखादं नाव सुटलं तर वर्षभर बोलणी खावी लागत. सातेक वर्षांची असताना मी विचारलं होतं, माझी मूठ कुठे? आजी नुसती हसली. दळण, पाणी, रोट सगळं आम्हा बायकांच्या हातचं, सुपात मात्र आमच्या नावाचा दाणा नाही. तुझं रजिस्टर पाहिलं आणि ते सूप आठवलं. एका बाबतीत दोन्ही अगदी सारखी आहेत. दुसऱ्या बाबतीत सूप सरस होतं, कारण सुरतेला गेलेल्यांची मूठ त्यात चुकत नव्हती.

सुरतेचं निघालंच आहे तर हे विचारते. खालच्या वस्तीतली किती घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे जातात? साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातून, नवापूर-नंदुरबारकडून टोळ्या जातात आणि बरीच माणसं होळीच्या आगेमागे परत येतात. तुझ्या वस्तीचंही तसंच असेल, तर २६ जानेवारीला तू योजना वाचत होतास तेव्हा तिथल्या बऱ्याच दारांना कुलपं असणार. हूं की चूं कोण करणार? होळीला माणसं घरी आली आणि त्यांनी योजना पाहिली ती थेट चारीच्या रूपात, तीही आपली लाइन फोडणाऱ्या. ग्रामसभेतल्या शांततेला तू होकार धरलास. ज्यांनी गप्प बसायचं त्यांना आधी तिथे हजर तरी असावं लागतं ना?

पुढचं सांगायला मला जरा संकोच वाटतो, पण सांगते. पहिल्या ओळीत 'सरपंच मॅडम' लिहिलंयस आणि समोर नंबर त्यांच्या मिस्टरांचा. पंचायतीत निम्म्या जागा बायकांना राखीव होऊन दशक उलटलं, तरी खान्देशातच काय, कुठेही हे चालतं. म्हणजे फोन उचलत नाहीत ते यजमान. बाईंशी तू एकदाही बोललेला दिसत नाहीस. चारीवर बसलेल्या बायांपैकी निम्म्या जणी त्यांना नावाने ओळखत असतील, सणावाराला त्यांच्या ओसरीवर येत असतील, आणि तू मात्र फोनच्या पलीकडच्या ज्या माणसाचं या भानगडीत काहीच अडलेलं नाही त्याच्या मागे तीन आठवडे लागलायस.

आणि समिती कुठे आहे? जलजीवनमध्ये गावाची पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असावी लागते, दहा ते पंधरा जणांची, त्यात निम्म्या बायका. शिवाय पाण्याची तपासणी करायला गावातल्या पाच बायकांना प्रशिक्षण द्यायचं असतं. तेव्हा ही नावं ग्रामपंचायतीच्या दप्तरात कुठेतरी असणारच, ठरावाच्या वहीत नाहीतर एखाद्या प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर. कदाचित त्यांतल्या दोघी-तिघींना आपण समितीत आहोत हेही ठाऊक नसेल. हसू नकोस, मी अशा बाया पाहिल्या आहेत. ती वही मागून घे. खालच्या वस्तीतलं एखादं नाव त्यात सापडलं तर तुझं अर्धं काम झालं, आणि नाही सापडलं तर अडलेलं कुठे आहे ते तरी समजेल.

तुझा चार खान्यांचा तक्ता मेंडेलो यांच्या नावाने ओळखला जातो. एका बाजूला ताकद, दुसऱ्या बाजूला रस, आणि ताकद कमी रस जास्त असेल त्यांना 'माहिती देत राहा'. तक्ता खोटा नाही, पण तो एका दिवसाचा फोटो आहे. त्यापेक्षा मला १९९७ ची मिशेल, एगल आणि वुड यांची मांडणी जास्त पटते. ते तीन गोष्टी बघायला सांगतात: माणसाकडे ताकद आहे का, त्याचं म्हणणं रास्त आहे का, आणि त्याला घाई आहे का. तुझ्या वस्तीतल्या बायांकडे रास्तपणा पहिल्यापासून होता. लाइन फुटली त्या दिवशी घाई आली. ताकद तेवढी नव्हती, ती जेसीबीसमोर बसून एका सकाळीत मिळवली. ज्यांच्याकडे तिन्हींपैकी दोन गोष्टी आहेत त्यांच्यावर नजर ठेव. तिसरी ते कुठूनही आणतात, पुढाऱ्याकडून, पत्रकाराकडून, नाहीतर स्वतःच्या बसकणीतून.

बरं, माणसं शोधायची कशी? मला एकच पद्धत जमली आणि ती पायांची आहे. पाण्याच्या वाटेने चालायचं, विहिरीपासून शेवटच्या नळापर्यंत, आणि दर टप्प्यावर विचारायचं की इथे कोणाचं काय जाणार आहे आणि इथे रोज कोणाचा हात लागणार आहे. विहिरीपाशी जागेचं बक्षीसपत्र कोणी लिहून दिलं ते तुला ठाऊक आहे. पण शेजारच्या मळ्यातल्याला आपल्या विहिरीचं पाणी उतरेल अशी भीती आहे का? पाइपच्या वाटेवर कोणाचे बांध आहेत? टाकीच्या सावलीत कोणाचं घर येतं? गावातल्या काँक्रीटच्या गल्ल्या फोडशील त्या बुजवणार कोण आणि कधी? एवढं चाललं की बावीसची चाळीस-पन्नास नावं होतात, आणि तुझ्या तक्त्यातली काही बिनकामाची म्हणून गळतातही.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. बरीच वर्षं झाली, रावेर तालुक्यात एका योजनेवर होते. पाइप एका केळीच्या शेताच्या कडेने न्यायचा होता. सातबारा पाहिला, मालक पुण्याला, त्यांना फोन केला, भला माणूस, एका दिवसात संमतिपत्र पाठवून दिलं. मी खूश. ते आलं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी. आखाजीला आपल्याकडे सालदार, म्हणजे वर्षाचे शेतगडी, ठरतात, शेतं निमबटाईने, म्हणजे अर्ध्या वाट्यावर कसायला, इकडून तिकडे जातात, हे मला का माहीत नव्हतं? माहेर खान्देशातलं, सासर खान्देशातलं! पण कागद हातात आला की माणूस पंचांग विसरतो. पावसाळ्यात आम्ही मशीन घेऊन गेलो तर शेतात नवा बटाईदार, त्याची नवी लागवड, आणि बरोबर आमच्या आखणीवर त्याच्या ठिबकची मुख्य नळी. त्याने काही आरडाओरडा केला नाही. बांधावर खाट टाकली आणि तिच्यावर झोपला. मालकाची संमती माझ्या हातात होती आणि त्या कागदाने खाट हलत नव्हती. एकोणीस दिवस गेले. शेवटी आखणी चार फूट सरकवली आणि त्याच्या नळीला आमच्याकडचं पाइपचं कवच दिलं, खर्च किरकोळ. पहिल्या दिवशी बांधावर जाऊन विचारलं असतं तर त्याने हेच सांगितलं असतं. तुझ्याही चार किलोमीटरांत असली शेतं असतील आणि आखाजी तोंडावर आहे. सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे हे तलाठी सांगेल, पण यंदा शेत कोण करतंय ते बांधावरच कळतं.

आणखी एक माणूस तुझ्या यादीत नाही याचं मला खरोखर नवल वाटतं: गावात आज पाणी सोडणारा. पांझरा तुझ्याच तालुक्यातली. तिच्या काठाला तीन-चारशे वर्षं फड चालत आले. बंधारा, पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. कोणत्या फडात यंदा कोणतं पीक हे गावाने मिळून ठरवायचं, आणि पाणी वाटायला पाटकरी. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी पुरतं, कोणाचं कोणाशी वाकडं आहे, पाट कुठे गळतो, सगळं त्याला तोंडपाठ. आजच्या नळयोजनेत तुटपुंज्या मानधनावर व्हॉल्व्ह फिरवणारा तो माणूस तुझा पाटकरी. जुन्या लाइनचा नकाशा ग्रामपंचायतीत नसेल, पण त्याच्या डोक्यात आहे. त्याला सोबत घेऊन आखणी केली असती तर लाइन दोनदा फुटली असती का? फडात आणखी एक शहाणपण होतं. बहुतेकांची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असे, त्यामुळे पाणी कमी पडलं तरी एकाच कोपऱ्यातली माणसं उपाशी राहत नसत. सगळ्यांचं सगळीकडे काहीतरी गुंतलेलं. तुझ्या योजनेत मात्र वस्तीचं गुंतलेलं असं आज काहीच नाही, जुन्या नळाशिवाय.

आता काय करायचं ते. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून तो मोडू नकोस.

आधी वस्तीत जाऊ नकोस. रिकाम्या हाताने गेलास तर बाया तुला पहिला प्रश्न विचारतील की जुनं पाणी बंद करणार का, आणि याचं उत्तर द्यायचा अधिकार तुला नाही. तो शाखा अभियंत्यांचा आणि खर्चाचा भाग तुझ्या साहेबांचा. म्हणून आधी त्या दोघांकडून एक गोष्ट लेखी घे: नव्या नळाला पाणी येऊन ते टिकतंय हे दिसेपर्यंत वस्तीची जुनी लाइन तोडायची नाही, आणि खोदताना फुटली तर त्याच दिवशी जोडायची, नाहीतर टँकर. शाखा अभियंत्यांना हे फोनवर सांगू नकोस. 'गावात मिटवा' हे त्यांचं फोनवरचं उत्तर आहे, कारण फोनची नोंद राहत नाही. एक पानाचं पत्र दे, किती दिवस काम बंद, कारण काय, तुमच्याकडून काय हवं, आणि त्यावर आवक क्रमांक घे. त्यांच्यात खोट असते असं नाही रे, ज्याला उद्या फाइलमधून उत्तर द्यायचंय त्याच्याशी फाइलच्या भाषेत बोलावं लागतं.

मग सरपंचताईंकडे. यजमान घरी असतील तर असू देत, त्यांना टाळून जाणं गावात बरं दिसत नाही, पण बोलणं ताईंशी कर. पाणी-समितीची वही त्यांच्यासमोर उघड आणि विचार की वस्तीत तुमच्या ओळखीचं कोण. त्यांनी सोबत यायचं कबूल केलं तर सोनं. नाही आल्या तरी एक नाव देतील.

त्यानंतर वस्ती. सकाळी सहाला, पाणी भरायच्या वेळी, किंवा दिवेलागणीनंतर. दुपारी अकराची 'मीटिंग' लावशील तर मजुरी बुडवून कोण येईल? पाणी सोडणाऱ्याला आणि प्लंबरला सोबत ने, साहेबांना नको. जाऊन योजना समजावू नकोस. आधी लाइन फुटली त्या दोन दिवसांबद्दल बोल, म्हण की आमच्या मशीनने फुटली, तुम्हाला सांगितलं नाही ही चूक आमची. मग ऐक. निदान एक तास काही लिहू नकोस आणि मोबाइल खिशात ठेव. कोणी तुला असं काही सांगेल जे या योजनेत नाहीच, गटाराचं, रेशनचं, मोबाइलच्या रेंजचं. तेही ऐक, पण त्यावर 'बघतो' म्हणू नकोस. बघतो म्हणजे करतो, असा अर्थ गावात निघतो.

आकडे सांगशील ते हंड्यांत सांग. दरडोई ५५ लिटर हा सरकारी आकडा आहे, तो ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. पंधरा लिटरचा हंडा धरला तर पाच माणसांच्या घराला रोज अठरा हंडे होतात. आज त्या किती आणतात ते विचार आणि शेजारी हे ठेव. पाणी किती दिवसांआड येईल, किती वाजता, पाणीपट्टी किती बसेल, हे ठरलेलं असेल तेवढंच सांग. जे ठरलेलं नाही ते ठरलेलं नाही म्हण. वीजजोडणी महावितरणच्या हातात आहे, तेव्हा पाणी कधी येईल याची तारीख तू देऊच शकत नाहीस. तुझ्या हातात चारी बुजवायची तारीख आहे, ती दे आणि पाळ. एक छोटी तारीख पाळलीस की पुढच्या बोलण्याला वजन येतं.

त्या ६१ जणांच्या ग्रुपचं म्हणशील तर ठेव, फोटोंची नोंद म्हणून बरा आहे. पण हिशेब बघ: दोन माणसांत बोलण्याची एक वाट असते, ६१ जणांत अशा १,८३० वाटा होतात, आणि त्यातल्या बऱ्याच सकाळच्या गुलाबांच्या चित्रांनी भरलेल्या असतात. वस्तीतल्या किती बायांच्या हातात स्वतःचा फोन आहे? घरातला स्मार्टफोन पोराकडे, पोरगा धुळ्याला कॉलेजात. पाणी बंद राहायचं असेल तर आदल्या संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांग, वस्तीत भोंगा पोचत नसेल तर पाणी सोडणाऱ्याला दारोदार पाठव. आणि चारीपाशी एक पाटी लाव, मोठ्या अक्षरांत: काम कधीपर्यंत, पाणी कधी बंद, कोणाला फोन करायचा. तो फोन तू उचलायचा.

गावात खाजगी बोअरचं पाणी विकणारा कोणी आहे का? असणारच. तुझ्या तक्त्यात एका नावापुढे 'निगेटिव्ह' लिहिलंयस, मला वाटतं तोच. त्याचं गिऱ्हाईक जाणार, तो कुरकुरणारच. त्याच्याशी वाकड्यात शिरू नकोस. चारीच्या दिवसांत वस्तीला पर्यायी पाणी लागेल तेव्हा त्याच्याच बोअरवरून रीतसर बिल घेऊन टँकर भर. आणि तो शेरा आधी खोड. हा तक्ता एक दिवस चुकून त्या ग्रुपवर जाणार आहे, असं धरूनच लिहीत जा. शेऱ्याच्या जागी त्याचं काय जातंय ते लिही. माझ्या वहीत मी एवढंच टिपायची: कोणाचं काय जाणार, घरी कधी सापडतो, कोणाचं ऐकतो, शेवटची भेट कधी, आणि मी काय कबूल केलंय. शेवटचा रकाना सगळ्यात जास्त वेळा उघडावा लागायचा.

पोलीस बंदोबस्ताचं मात्र मनातून काढून टाक आणि साहेबांनाही काढायला लाव. त्यांना नीतीच्या गोष्टी सांगू नकोस, खर्च सांग. बंदोबस्तात चारी एका दिवसात होईल. पण पाइप जमिनीत तीस वर्षं राहायचाय आणि तो त्याच बायांच्या दारावरून जातो. व्हॉल्व्ह मोडला, तोटी फुटली, पाणीपट्टी थकली, की दर वेळी पोलीस आणणार का? एकवीस दिवस जेसीबी उभा ठेवायला किती भाडं गेलं आणि वस्तीत दोन संध्याकाळी बसायला किती लागलं असतं, हे एका कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेव. कोर्स केलेल्या माणसाला तक्ता आवडतो.

इंजिनिअर आहेस म्हणून एक जास्तीचं. आज खालची वस्ती बसली आहे. पण खालच्या अंगाला दाब जास्त, योजना सुरू झाली की पाणी आधी तिथेच धावेल. उंचावरच्या आळीत शेवटच्या घरांची तोटी नुसती फुसफुसेल, आणि मग कोणीतरी नळालाच मोटर लावेल. पुढची माणसं तिथून येणार आहेत. विभागवार व्हॉल्व्ह नकाशात आहेत का ते आत्ताच बघ, आणि वरच्या आळीतल्या शेवटच्या घरी चहा पिऊन ये, चारी तिथे पोचायच्या आधी.

वस्तीत काय बोलणं झालं ते कळव. आणि सरपंचताईंचा स्वतःचा नंबर मिळाला की तक्त्यातली पहिली ओळ दुरुस्त कर.

तुझी,
ताई